सदाफुलीचं पान आणि शुगरची गोळी

बचत गटांच्या या कार्यक्रमात आज आम्ही बोलणार आहोत सदाफुलीबद्दल. तुळशीच्या कडेला, मोरीच्या पाण्यावर, फुटक्या पत्र्याच्या डब्यात, कुठंही येणारं आणि बारा महिने फुलणारं हे झाड. पांढरं नाहीतर गुलाबी फूल. विकत कुणी आणत नाही, एकीच्या दारातून दुसरीच्या दारात आपोआप जातं.

विषय मुद्दाम घेतला आहे. गेले काही महिने आम्ही ज्या ज्या गटाच्या बैठकीला जातो, तिथं एक गोष्ट कानावर येते. मोबाइलवर संदेश फिरतोय की सदाफुलीची चार पानं रोज अनशापोटी चावून खा, शुगर मुळापासून जाते, गोळ्यांची गरज नाही. कुणी पानं खातात, कुणी फुलांचा काढा घेतात. पानं खाणाऱ्या काही जणींनी शुगरची गोळी बंदच केली आहे. गोळी फुकट मिळत असूनही बंद केली, कारण ‘झाडपाल्याचं आहे, त्यानं अपाय कसा होईल?’

तर या झाडात आहे काय, ते आधी बघू. सदाफुलीत शंभरावर अल्कलॉइड आहेत. शब्द अवघड आहे, वस्तू रोजच्या ओळखीची आहे. चहा घेतल्यावर तरतरी येते ती कॅफिनमुळं. मिरी तिखट लागते ती पायपरिनमुळं. मशेरीची तलफ येते ती निकोटिनची. हिवतापावरचं क्विनिन सिंकोनाच्या सालीतलं, मॉर्फिन अफूतलं. ही सगळी अल्कलॉइड. झाडाला पळता येत नाही, शेळी आली तर हाकलता येत नाही, म्हणून ते अशी कडू, जहाल द्रव्यं स्वतःत साठवतं. शेळी सहसा सदाफुलीला तोंड लावत नाही हे आपल्याला माहीतच आहे. ही द्रव्यं किडीच्या, जनावराच्या अंगावर काम करतात, तशीच माणसाच्या अंगावरही करतात. मशेरीतलं तेच निकोटिन तंबाखूच्या काढ्यातून आपण माव्यावर फवारतो. (मशेरी लावणाऱ्या मैत्रिणींनी हे जरा जास्त लक्ष देऊन ऐकावं.)

आता सदाफुली आणि शुगर यांचा संबंध कुठून आला? हे झाड मूळचं मादागास्करचं. तिथून जहाजांबरोबर ते उष्ण देशांत सगळीकडं पसरलं, आणि बऱ्याच ठिकाणी लोक मधुमेहावर त्याच्या पानांचा काढा घेऊ लागले. वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावरही घेत. १९५२ साली कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडं त्यांच्या एका जमैकातल्या रुग्णानं एका पाकिटात पंचवीस पानं घालून पाठवली. तिथले लोक मधुमेहावर याचा चहा करून पितात, तुम्ही तपासून बघा, असं सांगितलं. क्लार्क नोबल टोरंटोला इन्सुलिनच्या सुरुवातीच्या कामात होते. त्यांनी ती पानं आपल्या भावाकडं, रॉबर्ट नोबल यांच्याकडं दिली. रॉबर्ट यांची प्रयोगशाळा वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात होती.

रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क उंदरांना तोंडावाटे दिला. रक्तातल्या साखरेवर म्हणण्यासारखा काही परिणाम झाला नाही. मग त्यांनी अर्क सुईवाटे टोचला. साखर तेव्हाही खाली आली नाही, पण आठवड्याभरात उंदीर मेले. कशानं मेले हे त्यांनी शोधलं. उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढतात त्या या पांढऱ्या पेशी, आणि त्या हाडाच्या आतल्या मगजात तयार होतात. तो मगजच अर्कानं मारला होता. एरवी उंदराला ज्या जंतूंनी काही होत नाही, त्याच जंतूंनी ते मेले.

दुसरा कुणी असता तर पानं फेकून दिली असती. शुगरवर चालत नाही, वर जनावर मरतंय, विषय संपला. नोबल यांनी उलटा विचार केला. जे द्रव्य पांढऱ्या पेशी मारतं, ते ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या आजारावर चालेल का? तो आजार म्हणजे रक्ताचा कॅन्सर. चार्ल्स बीअर नावाचे रसायनतज्ज्ञ त्यांच्याकडं आले, त्यांनी पानांतून ते नेमकं द्रव्य वेगळं केलं आणि १९५८ साली ते जगापुढं मांडलं. आज त्याला व्हिनब्लास्टिन म्हणतात. त्याच सुमाराला अमेरिकेत एली लिली कंपनीही सदाफुली तपासत होती, तीही मधुमेहासाठीच. तिथल्या गॉर्डन स्व्होबोडा यांच्या कामातून दुसरं औषध निघालं, व्हिंक्रिस्टिन. १९६३ पासून अमेरिकेत ते रुग्णांना मिळू लागलं.

म्हणजे बघा, शुगरचं औषध शोधायला गेलेल्या दोन्ही ठिकाणी हाती आलं कॅन्सरचं औषध. मोबाइलवरच्या संदेशात ‘परदेशी शास्त्रज्ञांनीही सदाफुली मान्य केली’ असं एक वाक्य असतं. मान्य केली हे खरं आहे. कशासाठी केली, तेवढं त्या संदेशात नसतं.

हे औषध करतं काय, ते आम्हाला एका बैठकीत समजावून सांगावं लागलं. तेव्हा साडीच्या घडीचं उदाहरण कामाला आलं. धुतलेली नऊवारी घडी घालताना दोघी दोन टोकांना उभ्या राहतात, आपापल्याकडं ओढतात. शरीरातली पेशी एकाची दोन होते तेव्हा आतला ऐवज असाच दोन बाजूंना ओढला जातो. ओढायला बारीक दोऱ्या लागतात आणि त्या दोऱ्या पेशी आयत्या वेळी मण्यांसारखे कण जोडून बनवते. व्हिंक्रिस्टिन नेमकं त्या मण्यांना चिकटतं. दोरी बनत नाही, पेशी मध्येच अडकते आणि मरते. कॅन्सरच्या पेशी सारख्या दोनाच्या चार होत असतात, म्हणून त्या जास्त मरतात. पण केसांच्या मुळातल्या, हाडाच्या मगजातल्या चांगल्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच. त्यांनाही फटका बसतो. शिवाय आपल्या नसांमध्ये तशाच दोऱ्या असतात. म्हणून व्हिंक्रिस्टिन घेणाऱ्याच्या हातापायांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, पोट घट्ट होतं.

एवढं असूनही हे औषध अनमोल आहे. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार असा आहे की १९६० च्या आधी त्यातून मूल वाचणं फार दुर्मीळ होतं. आज व्हिंक्रिस्टिन आणि सोबतची इतर औषधं वेळेवर आणि पूर्ण मिळाली तर त्यातली बहुतेक मुलं बरी होतात. मोठ्या माणसाला व्हिंक्रिस्टिन एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. २ मिलिग्रॅम म्हणजे किती? चमचाभर साखर ४ ग्रॅम धरली, तर तेवढ्या वजनात दोन हजार माणसांचे डोस होतील. तेही शिरेतूनच द्यायचं. चुकून पाठीच्या कण्यात दिलं गेलं तर माणूस दगावतो, म्हणून दवाखान्यात त्याच्या बाटलीवर तशी सूचना लिहिलेली असते.

आता पानाकडं परत येऊ. १ ग्रॅम व्हिनब्लास्टिन काढायला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात. पन्नास किलोच्या दहा पोत्यांएवढं वजन. व्हिंक्रिस्टिन तर त्याहूनही कमी निघतं. एवढी पानं वाळवायची, द्रावणात भिजवायची आणि शंभरावर सारख्या दिसणाऱ्या द्रव्यांतून हे एक निवडून काढायचं. त्यामुळं रसायनतज्ज्ञ दुसरी वाट शोधू लागले.

व्हिनब्लास्टिन दोन तुकडे जोडून बनलेलं असतं. एकाचं नाव कॅथॅरँथिन, दुसऱ्याचं व्हिंडोलिन. सदाफुली हे दोन्ही तुकडे भरपूर बनवते, पण जोडते मात्र फार थोडे. मग पानातून सुटे तुकडे काढून आपणच का जोडू नयेत? बोलायला सोपं वाटतं. पहिल्यांदा जोडले तेव्हा ते उलट्या बाजूनं जोडले गेले आणि औषध कामच करेना. शिवणकामाच्या गटातल्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. ब्लाउजच्या दोन बाह्या टेबलावर ठेवल्या तर सारख्याच दिसतात. उजवी बाही डाव्या मुंढ्याला लावली की शिवण पक्की असली तरी ब्लाउज घालता येत नाही. बरोबर बाजूनं जोडण्याची युक्ती १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या पिएर पोतिए यांच्या गटाला सापडली. त्याच कामातून व्हिनोरेल्बिन हे थोडं बदललेलं औषध तयार झालं. ते फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरवर देतात. व्हिनब्लास्टिनपासून व्हिंक्रिस्टिन करणं त्या मानानं सरळ. एका टोकाचा लहानसा भाग बदलायचा. तेवढ्या बदलानं ते कुठल्या कॅन्सरवर चालेल हे बदलतं आणि त्रास कुठला देईल हेही बदलतं.

यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे, आणि तो आम्हाला मुद्दाम सांगायचाय. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामा राव यांच्या गटानं सदाफुलीच्या पानांपासून ही दोन्ही औषधं काढण्याची पद्धत बसवली, आणि १९८० च्या दशकात सिप्ला कंपनीनं त्यावरून ती भारतात बनवली. तोवर बाहेरून यावं लागणारं औषध इथं तयार होऊ लागलं.

पुढं २००२ मध्ये जपानमधल्या फुकुयामा यांच्या गटानं पानाला हातही न लावता, साध्या रसायनांपासून पायरी पायरीनं व्हिनब्लास्टिन बनवून दाखवलं. पण पायऱ्या इतक्या की कारखान्यात ते परवडावं असं नव्हतं. २०२२ मध्ये डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये फेरफार करून त्या यीस्टकडून ते दोन तुकडे बनवून घेतले आणि प्रयोगशाळेत जोडले. एवढा खटाटोप का? २०१९ साली अमेरिकेत दोनपैकी एका कंपनीनं व्हिंक्रिस्टिन बनवणं थांबवलं, तर तिथंही मुलांच्या दवाखान्यांत औषध पुरवून पुरवून वापरायची वेळ आली. औषध एकाच वाटेवर अवलंबून राहू नये, म्हणून ही धडपड.

एका काकूंनी आम्हाला बरोबर पकडलं होतं. त्या म्हणाल्या, “पाचशे किलोत एक ग्रॅम म्हणता ना, मग माझ्या चार पानांत असून असून किती असणार? त्यानं काय होतंय?” प्रश्न चोख आहे. चार पानांत व्हिनब्लास्टिन नगण्यच. म्हणूनच कॅन्सरच्या रुग्णाला पानांचा रस पाजून काही साधत नाही. तोंडावाटे गेलेलं हे द्रव्य अंगात नीट शोषलंही जात नाही. रस पाजत बसण्यात जे दोन महिने जातात, ते त्या मुलाचे जातात.

पण पानात हे एकच द्रव्य नाही, शंभरावर आहेत. काही रक्तदाब उतरवणारी आहेत. कुठल्या पानात कुठलं किती, हे झाडाचं वय, हंगाम, माती, पांढरं फूल की गुलाबी, यावर बदलतं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नोबल यांच्यानंतर काही प्रयोगांत सदाफुलीच्या अर्कानं उंदीर-सशांची साखर थोडी उतरलेली दिसली आहे. ते आम्ही लपवणार नाही. पण सशाला दिलेल्या मोजून काढलेल्या अर्कावरून आपल्याला चार पानं की चौदा, किती दिवस, मूत्रपिंडाला काय होईल, हे ठरवता येत नाही. साखर उतरत नसेल तर गोळी सोडलेली बाई आतून पोखरली जाते. उतरत असेल आणि ती बाई गोळीही घेत असेल, तर कधीतरी शेतात चक्कर येऊन पडेल. दोन्हीकडून धोका तिचाच. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं तर सदाफुली पोटात घेऊच नये.

आणि ज्या गोळीवर इतका राग, ती कुठून आली माहीत आहे? शुगरवर सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. आपल्या आरोग्य केंद्रातही तीच मिळते. तिचं मूळ एका झाडातच आहे. युरोपात गलेगा नावाची जांभळट फुलांची एक वनस्पती होते. तिच्यात गॅलेजिन नावाचं अल्कलॉइड असतं. ते रक्तातली साखर उतरवतं, पण विषारी आहे, ती वनस्पती चरून मेंढ्या मरतात. शास्त्रज्ञांनी त्या द्रव्याच्या घडणीवरून तशीच पण सौम्य द्रव्यं प्रयोगशाळेत बनवायला घेतली. मेटफॉर्मिन पहिल्यांदा बनलं १९२२ मध्ये, डब्लिन शहरात. तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९५७ मध्ये फ्रान्सच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेही माणसांना देऊन त्याचा उपयोग दाखवला. त्याच कुळातली फेनफॉर्मिन नावाची दुसरी गोळीही निघाली होती. तिनं काही रुग्णांच्या रक्तात आम्ल साचू लागलं, म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेसह अनेक देशांनी ती बंद केली. मेटफॉर्मिन टिकलं. प्रयोगशाळेत बनलं म्हणून ते चांगलं ठरलं नाही. लाखो माणसांनी मोजून मापून घेतलं, त्यांच्यावर नजर ठेवली गेली, म्हणून ठरलं. पान खाणारी बाई झाडाकडं परत गेले असं समजते. गोळी घेणारीही झाडापासूनच निघालेल्या वाटेवर आहे, फक्त त्या वाटेवर कुणीतरी वजनकाटा ठेवलाय.

आमच्या गटांनी आपसात काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या सांगतो. पानं खाल्ली असतील तर ते डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगायचं. डॉक्टर ओरडतील म्हणून बऱ्याच जणी लपवतात, आणि मग शुगर अचानक का वाढली किंवा का घटली, हे कुणालाच कळत नाही. गोळी कमी करायची असेल तर तपासणी करून, विचारून कमी करायची. बोटाला सुई टोचून होते ती तपासणी त्या दिवसाची साखर सांगते. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी नावाची दुसरी तपासणी असते, तिच्याबद्दल विचारायचं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची शुगर आणि बीपी सरकारी उपकेंद्रात फुकट तपासतात. आमच्या गटांत बैठकीच्या दिवशी हप्त्याच्या वहीबरोबर हे तपासणीचं कार्डही आणायचं, असं चालू केलंय. ज्यांनी गोळ्या थांबवल्या होत्या, त्यांतल्या काही आता पुन्हा जाऊन आल्या. काही अजून गेल्या नाहीत. त्यांच्याकडं आमच्या फेऱ्या चालू आहेत.

अजून एक गोष्ट काही गटांत निघाली आहे, ती लागवडीची. ‘सदाफुलीची पानं औषध कंपनीला लागतात, एका ग्रॅमची किंमत प्रचंड आहे, अर्धा एकर लावा, रोपं आम्ही देतो,’ असं सांगत माणसं येतात. पानं लागतात हे खोटं नाही. दक्षिणेत तामिळनाडूत सदाफुलीची शेती पानांसाठी आणि मुळांसाठी होते, आणि लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेनं ‘निर्मल’ आणि ‘धवल’ अशा जातीही दिल्या आहेत. पण ग्रॅमची किंमत तयार औषधाची असते, आपल्याकडं असतील ती पोती. पाचशे किलोचा हिशोब आत्ताच केला आपण. तेव्हा रोपांचे पैसे देण्याआधी विचारायचं, वाळलेल्या पानांचा किलोला भाव किती, लेखी द्याल का, न्यायला कोण येणार, ओल किती चालेल, माल नाकारला तर काय. एवढं विचारल्यावर एका गटाकडं तो माणूस परत आलाच नाही. आला असता तर कागद वाचला असता, आमचा काही विरोध नव्हता.

आणि शेवटी फोनवर आलेला प्रश्न, दारातलं झाड उपटून टाकायचं का? नको, कशाला. देवाला फूल होतं, फुलपाखरं येतात, पाणी मागत नाही. रांगतं मूल घरात असेल तर त्याच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि पानं खुडलेल्या हातानं भाकरी थापू नका, धुऊन घ्या.